रिपोर्टखाली सही करण्याआधी : नव्या रेडिओलॉजिस्टांनो, या चुका टाळा

"मॅडम, बाबांचं पित्ताशय तर आठ वर्षांपूर्वीच काढलंय. मग हे कुणाचं लिहिलंय?"

मुलगा रिपोर्ट हातात धरून काउंटरपाशी उभा होता. आवाज चढवलेला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. रिपोर्टात माझ्या सहीच्या वर स्वच्छ टाइप केलेलं होतं : पित्ताशयाचा आकार नॉर्मल, भिंत नॉर्मल, खडा नाही. वडील मिलमधून रिटायर झालेले, खालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.

हे इंदूरमध्ये, माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतलं. त्या दिवशी पन्नासच्या वर सोनोग्राफी झाल्या होत्या. टायपिस्टकडे 'नॉर्मल अ‍ॅब्डोमेन'चं, म्हणजे पोटातलं सगळं नॉर्मल असल्याचं, तयार पान असायचं. मी आतून ओरडून सांगितलं, "प्रोस्टेट थोडं मोठं, बाकी नॉर्मल." पुढचं काम त्याच्या बोटांनी केलं. मला पित्ताशय दिसलं नव्हतं, हे माझ्या डोळ्यांना कळलंही होतं. पण मनाने परस्पर निकाल लावला की आजोबा पोहे खाऊन आले असतील, पित्ताशय आकसलं असेल. मग संध्याकाळी वीस-पंचवीस रिपोर्टांवर उभ्या उभ्या सह्या. त्यातला हा एक.

रात्री नऊ वाजता मी त्यांची परत सोनोग्राफी केली, पैसे न घेता. बाकी सगळं बरोबर होतं. लिव्हर, किडन्या, प्रोस्टेट, मापांसकट. मी तसं मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग ते तरी बाबांचंच आहे ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे तपासणी करून घेतली, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. एक वाक्य खोटं निघालं की वरची-खालची खरी वाक्यंही त्याच्याबरोबर जातात.

तेव्हापासून माझ्याकडे भरलेलं टेम्प्लेट नाही. अवयवांची नावं असतात, पुढची जागा कोरी. जे पाहिलं तेच बोलायचं, पाहतानाच बोलायचं. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं आणि का नाही तेही : पोटात गॅस, पेशंट उपाशी नव्हता, ऑपरेशन झालेलं. तरुण सहकारी म्हणतात, यात वेळ जातो. जातोच. एका पेशंटमागे दोन-तीन मिनिटं जातात. ती वाचवायची घाई ज्यांना आहे त्यांनी दुसरा धंदा बघावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरी सवय त्याच रात्री लागली. जेली लावण्याआधी पोट उजेडात बघायचं. टाके कुठे आहेत, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या बारीक खुणा बेंबीजवळ आहेत का. आणि विचारायचं. पण आपल्याकडे विचारण्यातही एक खड्डा आहे. इंदूरचा पेशंट, खरगोन-झाबुआहून आलेला पेशंट म्हणतो, "पथरी निकलवाई थी." मराठीत आपण मुतखडा आणि पित्ताचे खडे वेगळे म्हणतो, इथल्या हिंदीत दोन्ही पथरीच. इथल्या एम.जी.एम. मेडिकल कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेल्यांनाही मी हे रोज चुकताना पाहते. लगेच विचारा : कुठून काढली, पेशाबातून की पोटाला भोकं पाडून? हात लावून दाखवायला सांगा. आमच्या मराठी घरांतले जुने लोकसुद्धा इतक्या वर्षांच्या शेजाराने 'पथरी'च म्हणतात, तेव्हा भाषेवर विसंबू नका.

भिंतीवरची डिग्री

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे ती. एम.डी.चा निकाल लागून महिना होत नाही तोच फोन येतो. "सर, तुम्ही रोज यायचं नाही. फक्त डिग्री लावायची. महिन्याच्या महिन्याला पोचतं होईल." कुठल्या तरी लहान गावातलं सेंटर, मशीन आलेलं, रेडिओलॉजिस्ट नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने हो म्हटलं. हुशार मुलगा, डोळा उत्तम. शिक्षणाचं कर्ज होतं, घर भाड्याचं होतं, मी त्याची अडचण समजू शकते. तो आठवड्यातून एकदा जायचा. उरलेले दिवस तिथे दुसराच माणूस प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र, धरायचा आणि कोऱ्या फॉर्म एफवर, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या कायदेशीर नोंदीवर, याच्या आधीच केलेल्या सह्या असायच्या. तपासणीला पथक आलं तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडलं आणि एक तारीख काढली. त्या तारखेला याच्या सहीने सात गरोदर बायकांची सोनोग्राफी झाली होती, आणि तो त्या दिवशी पुण्यात बहिणीच्या लग्नात अक्षता टाकत होता. फोटो त्यानेच सगळ्यांना पाठवलेले. मशीन सील झालं, केस उभी राहिली. सेंटरच्या मालकाने दुसरा धंदा धरला. हा अजून तारखांना जातो.

त्याचं म्हणणं होतं, "ताई, मी लिंग कधीच सांगितलं नाही." मला ते खरं वाटतं. पण कायदा तेवढाच नाही. गर्भलिंग निदानाला मनाई करणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो जास्त कडक झाला. गरोदर बाईच्या नोंदीतली त्रुटीसुद्धा त्यात उल्लंघन धरली जाते, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर असते. ही तरतूद रद्द करावी म्हणून डॉक्टरांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली होती. २०१९ मध्ये कोर्टाने ती कायम ठेवली. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. कोर्टाने आरोप निश्चित केले की मेडिकल काउन्सिल नोंदणी निलंबित करू शकतं. दोष सिद्ध झाला तर पहिल्या वेळी पाच वर्षं नाव काढून टाकतात. 'कारकुनी चूक' हा शब्द मी तरुणांच्या तोंडून ऐकते तेव्हा अंगावर काटा येतो. ज्या कामामागे हजारो न जन्मलेल्या मुली उभ्या आहेत, त्यातला कागद कारकुनी कसा असेल?

म्हणून माझा फॉर्म एफ मीच तपासते, बाई टेबलावर झोपण्याआधी. पत्ता नीट आहे का, आधीच्या मुलांची संख्या आणि वयं आहेत का, पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे का, तपासणीचं कारण लिहिलंय का. तिची सही किंवा अंगठा तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्यावरच. माझी सही तपासणी झाल्यावर, त्याच खोलीत. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जायला हवा. मी २ तारखेला पाठवते. नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात, आणि प्रकरण चालू असेल तर ते संपेपर्यंत.

एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सेंटरांवर सोनोग्राफीसाठी तुमचं नाव लागू शकतं आणि तुमच्या वेळा तिथे स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात, हा २०१२ चा नियम. तरीही पाच ठिकाणी पाट्या लावून बसलेले लोक भेटतात. मशीन बदलायचं, जागा बदलायची, डॉक्टर बदलायचा, तर निदान तीस दिवस आधी कळवायचं. मशीन आधी आणून ठेवू, कागद मागून करू, हे चालत नाही.

नाव आणि नोंदणी

महाराष्ट्रात एम.डी. करून माहेरी किंवा सासरी इंदूरला आलेल्या मुलींची एक ठरलेली अडचण असते. डिग्रीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. इथल्या कागदांवर नाव आधी, आडनाव शेवटी. त्यात लग्नानंतर मधलं नाव बदललेलं. काउन्सिलची नोंदणी एका नावाने, पीसीपीएनडीटीचा अर्ज दुसऱ्या, एक्स-रेच्या परवान्याचं खातं तिसऱ्या. स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्रं देत हिंडावं लागतं. पहिला अर्ज करण्याआधी एक नाव ठरवा, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि सगळीकडे तेच उतरवा.

एम.बी.बी.एस.ची नोंदणी असते, पण एम.डी. किंवा तिच्याच तोडीची डी.एन.बी. ही वाढीव पात्रता काउन्सिलमध्ये चढवलेलीच नसते, हेही सर्रास. राज्य बदललं तर आधी नव्या राज्याच्या काउन्सिलचं बघा, मग खुर्ची घ्या.

लेटरहेडवर अक्षरांची माळ लावू नका. दोन दिवसांची कार्यशाळा म्हणजे फेलोशिप नव्हे. काउन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मान्य पदव्या आणि खरी पात्रता दाखवणारी प्रमाणपत्रंच नावापुढे लागतात, आणि नोंदणी क्रमांक लिहिणं बंधनकारक आहे. मी पाहते ते उलटच, सहा पदव्या ठळक आणि क्रमांक गायब. एम.बी.बी.एस.नंतर सहा महिन्यांचं सोनोग्राफीचं प्रशिक्षण घेतलेल्यांनी स्वतःला रेडिओलॉजिस्ट म्हणवून घेऊ नये. त्यांचं काम गरजेचं आहे, पण तीन वर्षांची रेसिडेन्सी ही वेगळी गोष्ट आहे आणि पेशंटला तो फरक कळायला हवा.

पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना कट, म्हणजे कमिशन, देऊ नका. त्याच आचारसंहितेत मनाई आहे. मी दिला नाही, पहिली दोन वर्षं वेटिंग हॉल रिकामा असायचा, तिसऱ्या वर्षापासून नाही.

डावं-उजवं

बँकेत नोकरी लागलेल्या एका मुलीचा फिटनेससाठी छातीचा एक्स-रे काढला होता. माझ्या नव्या सहकाऱ्याने रिपोर्ट लिहिला : हृदय उजवीकडे, जठराचा हवेचा फुगाही उजवीकडे, सगळे अवयव उलटे. पुस्तकात वाचलेलं दुर्मीळ काहीतरी सापडल्याचा त्याला आनंद. मुलीची आई रडत आली. मी स्टेथोस्कोप लावला, ठोके डावीकडे. प्रोब लावला, लिव्हर उजवीकडे, जिथे असायला हवं तिथेच. टेक्निशियनने एक्स-रे काढताना डावं-उजवं दाखवणारा मार्कर लावला नव्हता, इमेज कॉम्प्युटरवर उलटली गेली, आणि मग कुणीतरी माउसने 'आर', म्हणजे राइट, टाकला.

कॉम्प्युटरवरचा 'आर' म्हणजे फक्त अंदाज. शिशाचं अक्षर एक्स-रे पडतानाच कॅसेटवर हवं. माझ्या प्रत्येक टेक्निशियनला मी मार्करची स्वतंत्र जोडी देते, वर त्याच्या नावाचं अक्षर. आणि दुर्मीळ काही दिसलं की रिपोर्ट लिहिण्याआधी खुर्चीतून उठून पेशंटपाशी जाते.

थोडक्यात आटपण्याजोग्या

एक फ्रॅक्चर सापडलं की बघणं थांबवू नका. दुसरं बहुतेक त्याच फिल्मच्या कोपऱ्यात असतं.

प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करा' (पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहा) लिहून सुटका करून घेऊ नका. काय शंका आहे आणि पुढे कोणती तपासणी करावी, ते लिहा.

वृषणाला पीळ, नळीतला गर्भ, मेंदूतला रक्तस्राव : रिपोर्ट पाकिटात घालून ठेवू नका. पाठवणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन करा, आणि फोनची वेळ रिपोर्टात लिहा. पीळ पडलेल्या वृषणासाठी हातात साधारण सहा तास असतात, त्यातले निम्मे तास पेशंट तुमच्यापर्यंत पोचेतोच गेलेले असतात.

कॉन्ट्रास्ट (तपासणीसाठी शिरेतून द्यायचं औषध) देण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि अ‍ॅलर्जीची चौकशी. अ‍ॅड्रेनॅलिनची अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज, रिअ‍ॅक्शन आली तर, हाताच्या अंतरावर हवी, कुलपाच्या कपाटात नको. मी दर महिन्याच्या १ तारखेला तिची एक्सपायरी स्वतः वाचते.

टीएलडी बॅज (आपल्याला लागलेले किरण मोजणारा) छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत. तो एक्स-रे खोलीतल्या खुंटीवर राहिला तर खुंटीचा डोस मोजला जातो आणि मग तुम्ही खुलासे देत बसता. अ‍ॅप्रन घडी घालून ठेवू नका, शिसं चिरतं. एक्स-रे मशीनची क्वालिटी अ‍ॅशुरन्स तपासणी दोन वर्षांतून एकदा तरी हवीच.

आणि जुन्या फिल्म. नव्या मुलांना त्या बघायचा कंटाळा येतो, कॉम्प्युटरवर नसेल ते त्यांच्या लेखी नसतंच. मागच्या आठवड्यात रामबागेतल्या एक आजी आल्या. कापडी पिशवीत एकोणीस फिल्म, काही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, एकीवर हळदीचा डाग. छातीत डाग दिसतोय म्हणून त्यांना घाईने बायोप्सीसाठी पाठवलं जात होतं. मी व्ह्यू बॉक्सवर एकेक फिल्म लावत मागे गेले. डाग नऊ वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये होता, त्याच जागी, तेवढाच, चुन्याने भरलेला. मोजायला वीस मिनिटं लागली. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, मग दोन्ही तारखा आणि दोन्ही मापं रिपोर्टात लिहिली. फिल्म तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकीवर वर्षाची चिठ्ठी चिकटवून पिशवी त्यांच्या सुनेच्या हातात दिली आणि सांगितलं, पुढच्या वेळी कुठेही गेलात तरी ही पिशवी आधी टेबलावर ठेवा.