सीग्रुपचे आकडे वाचताना या चुका टाळा

एप्रिलात हापूसच्या बुकिंगची धांदल सुरू झाली की देवगड-रत्नागिरीकडच्या छोट्या सर्व्हरांवर दोन गोष्टी एकदम वाढतात, गिऱ्हाईक आणि देखरेख. बुकिंगचा एक कंटेनर (बाकीच्यांपासून वेगळा ठेवलेला प्रोग्रॅम), पैशांचा दुसरा, कुरिअरचा तिसरा. बागायतदार काळजीने सांगतो, "सगळ्यावर नजर ठेव हां," आणि आपण मॉनिटरिंगचा एजंट दर सेकंदाला प्रत्येक कंटेनरचे आकडे वाचायला बसवून मोकळे होतो. मग कुडाळहून फोन येतो, "दादा, सर्वर कित्याक अडाकता? टॉपात तर कोण दिसणा नाय."

'टॉप', म्हणजे चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी कमांड, तिच्यात खरंच कोणी दिसत नाही. सिस्टीम टाइम, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या कामात जाणारा सीपीयूचा वेळ, चढलेला असतो, पण एकही प्रोग्रॅम त्या प्रमाणात काम करत नसतो. अशा वेळी संशय आधी आकडे वाचणाऱ्यावरच घ्यावा. सीग्रुप म्हणजे प्रोग्रॅमांचा गट करून त्याच्या सीपीयू-मेमरीचा हिशेब आणि मर्यादा ठेवणारी सोय; प्रत्येक कंटेनर अशा गटात चालतो. लिनक्समध्ये सीग्रुपचा आकडा वाचणं म्हणजे लिहून ठेवलेला आकडा नुसता बघणं नव्हे. वाचणारा आला की कर्नल तेव्हा बेरीज करायला बसतो.

ही बेरीज कशी होते ते कळलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात, म्हणून तिथे जरा थांबू. सीग्रुपची सुरुवात २००६ साली गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी केली. जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ या कर्नलमधून ते सगळ्यांना मिळालं, आणि तेजुन हिओ यांची दुसरी आवृत्ती २०१६ साली ४.५ मध्ये अधिकृत झाली. आकड्यांची जबाबदारी 'आरस्टॅट' नावाच्या यंत्रणेकडे आहे. प्रत्येक सीपीयू आपापल्यापुरता हिशेब ठेवतो आणि कोणत्या सीग्रुपमध्ये बदल झाला याची एक झाडासारखी यादी सांभाळतो. कोणी वाचायला आलं की कर्नल एकेक सीपीयू घेतो, यादीतल्या सीग्रुपांचे बदल गोळा करतो आणि पालक सीग्रुपापर्यंत वर चढवतो. याला फ्लश म्हणतात. लिहिणं स्वस्त आणि वाचणं महाग, असा हा जाणूनबुजून केलेला सौदा आहे. तो चांगलाच आहे, कारण बदल सेकंदाला लाखोंनी होतात आणि वाचणारे मोजकेच असतात.

अडचण होती ती यादी सामाईक असण्याची. सीपीयू, मेमरी आणि आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) या तिघांसाठी प्रत्येक सीपीयूवर एकच झाड आणि सगळ्यांवर मिळून एकच मोठं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. जो मेमरी घेतो तो सीपीयूही वापरतोच, मग याद्या वेगळ्या कशाला, असा त्यामागचा विचार. २०२१ साली ५.१३ मध्ये मेमरीचे आकडेही याच यंत्रणेवर आले आणि गणित बिघडलं. मेमरीचा हिशेब जड असतो. त्यात डझनावारी बाबी, त्याही परत प्रत्येक नूमा नोडसाठी (मोठ्या मशीनवरच्या मेमरीच्या प्रत्येक भागासाठी) वेगळ्या. शिवाय बाहेरून कोणी विचारलं नाही तरी मेमरी कंट्रोलर (सीग्रुपची मेमरी सांभाळणारा कर्नलचा भाग) स्वतःच्या कामासाठी, म्हणजे मेमरी परत मिळवताना किंवा झेडस्वॅपचा (मेमरीतली पानं दाबून लहान करण्याचा) निर्णय घेताना, फ्लश मागत असतो. त्यामुळे कोणी साधं सीपीयू.स्टॅट, म्हणजे सीपीयूच्या वेळेची फाइल, वाचलं तरी त्याच्या डोक्यावर मेमरीची अख्खी बेरीज बसायची. मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगड्याच्या एका टोपलीचं वजन विचारावं आणि खलाशाने अख्खी बोट रिकामी करून सगळंच तोलायला घ्यावं, असा प्रकार. आणि मागे रांगेत बाकीचे उभे.

जुलै २०२५ मध्ये आलेल्या ६.१६ कर्नलमध्ये जेपी कोब्रिन यांच्या कामामुळे ही झाडं वेगळी झाली. मेमरीचं वेगळं, आयओचं वेगळं, सीपीयूच्या मूळ हिशेबाचं वेगळं, आणि प्रत्येकाचं लॉकही स्वतंत्र. सीपीयू.स्टॅट वाचणाऱ्याला आता मेमरीचा भार उचलावा लागत नाही.

नवं डिस्ट्रो म्हणजे नवा कर्नल, हा समज

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. डिस्ट्रो म्हणजे कर्नलसकट मिळणारा लिनक्सचा तयार संच. त्यातलं डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, म्हणजे ६.१६ च्या नंतर. पण त्यात कर्नल ६.१२ आहे. डेबियन १२ वर ६.१, आणि उबुंटू २४.०४ चा मूळ कर्नल ६.८. यातल्या कशातही झाडं वेगळी झालेली नाहीत. 'युनेम -आर' ही कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड चालवून बघा आणि मगच बोला. कंटेनरची इमेज (ज्या साच्यातून तो चालतो ती) बदलून काहीही होणार नाही, कर्नल यजमान मशीनचाच असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गडबडीत इमेज बदलून "काही फरक पडला नाही" असं सांगणारे भेटतात.

आणि जुना कर्नल आहे म्हणून लगेच बदलायला धावू नका. पाचसहा कंटेनर आणि चार कोअरच्या मशीनवर हा प्रश्न सहसा जाणवतही नाही. कोअर वाढले, सीग्रुप शेकड्यांत गेले आणि वाचणारे एकापेक्षा जास्त झाले, की तो डोकं वर काढतो.

दर सेकंदाला सगळं वाचणं

बरेच एजंट प्रत्येक सीग्रुपच्या फोल्डरमध्ये शिरून सापडेल ती फाइल वाचतात. मेमरी.स्टॅट, मेमरी.नूमा_स्टॅट, आयओ.स्टॅट, सगळं. यातलं किती आलेखावर दिसतं ते एकदा तपासा. बहुतेक ठिकाणी सीपीयूचा वेळ, मेमरी.करंट आणि दाबाच्या फाइली, म्हणजे टंचाईमुळे प्रोग्रॅम किती अडले ते सांगणाऱ्या मेमरी.प्रेशर वगैरे, एवढ्यावर भागतं. मेमरी.स्टॅट अर्ध्या मिनिटाने वाचलं तरी आंब्याच्या बुकिंगचं काही अडत नाही.

दर सेकंदाला वाचून मिळणारी बारकाई बऱ्याच अंशी भासच असते. मेमरीच्या हिशेबाचा फ्लश कर्नल स्वतः दर दोन सेकंदांनी करतो. मधे कोणी मेमरी.स्टॅट वाचलं तर साठलेले बदल एका मर्यादेपलीकडे गेले असतील तरच नव्याने बेरीज होते. ही मर्यादा साधारण ६४ गुणिले सीपीयूंची संख्या. सोळा सीपीयूंच्या मशीनवर १,०२४. त्याखाली असाल तर जुनाच आकडा हातात पडतो. म्हणून प्रोग्रॅम चालवण्याआधी आणि नंतर लगोलग मेमरी.स्टॅट वाचून वजाबाकी करायची, आणि अमुक फंक्शनने इतकी मेमरी खाल्ली असा निष्कर्ष काढायचा, हे करू नका. छोट्या चाचण्या यामुळेच कधी पास होतात तर कधी नापास.

मेमरी.करंट आणि मेमरी.स्टॅट जुळवत बसणं

ते तंतोतंत जुळणार नाहीत. मेमरी.करंट आरस्टॅटमधून येतच नाही. त्याचा वेगळा मोजक असतो, आणि मर्यादा लागू करायची ती त्याच्यावर. अ‍ॅनॉन, फाइल आणि कर्नल यांची बेरीज करंटपेक्षा थोडी इकडेतिकडे दिसली म्हणून गळती शोधायला बसू नका. रात्रीच्या बॅकअपनंतर करंट चढलेलंच राहिलं तर आधी 'फाइल' ही ओळ बघा; ती पेज कॅश, म्हणजे फाइलींची मेमरीत ठेवलेली प्रत आहे, गरज लागली की कर्नल ती सोडतो. गळती असली तर ती बहुधा प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे 'अ‍ॅनॉन'मध्ये दिसते.

पालक आणि पोरांची बेरीज

पालक सीग्रुपच्या आकड्यात पोरांचा हिशेब आधीच धरलेला असतो. सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टीमडीच्या सिस्टीम.स्लाइस या पालक सीग्रुपचा आकडा आणि त्याखालच्या प्रत्येक सर्व्हिसचा आकडा एकत्र केला की मशीनवर आहे त्याच्या दुप्पट वापर दिसतो. पतपेढीच्या हिशेबनिसाला हे सांगावं लागत नाही, आपल्याला मात्र लागतं. घटनांच्या बाबतीत तरी सोय आहे: मेमरी.इव्हेंट्समध्ये खालच्यांच्याही घटना येतात, मेमरी.इव्हेंट्स.लोकलमध्ये फक्त त्या सीग्रुपच्या.

झाडं वेगळी झाली म्हणजे कंट्रोलरही सुटे झाले, हा गैरसमज

६.१६ ने आकडे गोळा करण्याची वाट वेगळी केली. कंट्रोलरांचं आपसातलं नातं तसंच आहे. प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितो तेव्हा डेटा आधी पेज कॅशमध्ये जातो आणि डिस्कवर नंतर, कर्नलच्या सवडीने. हे उशिराचं लिहिणं कोणाच्या खात्यावर टाकायचं, हे ठरवायला आयओ आणि मेमरी असे दोन्ही कंट्रोलर त्या सीग्रुपवर चालू लागतात. फाइल सिस्टीमचाही पाठिंबा हवा. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस यांचा आहे. "मेमरीचा भार नको" म्हणून मेमरी कंट्रोलर बंद केलात तर फाइलींतून होणारं लिहिणं आयओ.स्टॅटमध्ये त्या सर्व्हिसच्या नावावर दिसायचं बंद होईल, आणि डिस्क कोण झिजवतंय ते कळणार नाही.

उलट बाजूची चूक म्हणजे फक्त सीपीयूचा वेळ बघायला सीपीयू कंट्रोलर चालू करणं. वापराचा, युजरचा आणि सिस्टीमचा वेळ सीपीयू.स्टॅटमध्ये कंट्रोलर बंद असतानाही मिळतो. थ्रॉटल (मर्यादेमुळे सीपीयू रोखला जाणं) किती वेळा झालं, हे हवं असेल तरच तो लागतो.

संशय खरा आहे का, हे न तपासणं

सोपी परीक्षा आधी करा. एजंट पाच मिनिटं थांबवा आणि सिस्टीम टाइम उतरतो का बघा. उतरला तर 'पर्फ टॉप' (कोणती फंक्शनं वेळ खातात ते दाखवणारं साधन) लावून फंक्शनांच्या नावात 'आरस्टॅट' दिसतं का शोधा. जुन्या कर्नलवर सीपीयू.स्टॅट वाचणाऱ्याच्या साखळीत मेमरीचं फ्लश फंक्शन वर आलं, तर तो सामाईक झाडाचाच त्रास. ६.१० पासून आरस्टॅटच्या लॉकसाठी ट्रेसपॉइंटही (कर्नलमधल्या नोंद घेण्याच्या जागा) आहेत. लॉकसाठी वाट किती वेळा बघावी लागली ते त्यातून कळतं.

६.१६ वर जाऊनही मेमरीचा फ्लश वरच राहिला तर दोनच शक्यता. कोणीतरी मेमरी.स्टॅट फार वेळा वाचतंय, किंवा मशीनला मेमरी खरंच कमी पडतेय. मेमरी.प्रेशर बघा म्हणजे निवाडा होईल. मेमरीचे आकडे वाचणारे आपसात अजूनही एकाच लॉकवर भेटतात, ते काही सुटलेलं नाही.

आणखी एक बघण्याजोगी जागा म्हणजे सीग्रुप.स्टॅटमधला मरणोन्मुख सीग्रुपांचा आकडा. कंटेनर काढला तरी पेज कॅशमधली पानं त्याच्या नावावर उरली असतील तर सीग्रुप पूर्ण जात नाही. दिवसात पन्नासदा डिप्लॉय करणाऱ्यांकडे हा आकडा हजारांत गेलेला असतो, आणि प्रत्येकाला दर सीपीयूमागे थोडी मेमरी लागते.

बीपीएफ प्रोग्रॅम तसेच सोडणं

बीपीएफ म्हणजे कर्नलच्या आत चालवता येणारे छोटे प्रोग्रॅम. हे थोड्यांनाच लागू, पण लागलं तर दिवस खातं. ६.१६ मध्ये आरस्टॅटच्या फंक्शनांची नावं बदलली. आधी ती 'सीग्रुप_आरस्टॅट' अशी सुरू व्हायची, आता 'सीएसएस_आरस्टॅट' अशी, आणि त्यांना सीग्रुपऐवजी सीएसएस (सीग्रुपमधली एकेका कंट्रोलरची नोंद) द्यावा लागतो. नाव दुरुस्त करून काम संपत नाही. बीपीएफचा फ्लश हुक (फ्लश होताना आपला प्रोग्रॅम चालतो ती जागा) आता मूळ हिशेबाच्या झाडाबरोबरच चालतो. मेमरी.स्टॅट वाचलं की आपलाही हिशेब पुढे सरकतो, या भरवशावर कोणी राहिलं असेल तर तो प्रोग्रॅम काहीही न बोलता जुने आकडे दाखवत राहील.

रिस्टार्टनंतरचे उणे आकडे

सीपीयूचा वेळ हा सीग्रुप तयार झाल्यापासूनचा असतो. सर्व्हिस रिस्टार्ट झाली की नवा सीग्रुप आणि मोजणी शून्यापासून. जूनमध्ये वादळी पावसात वीज गेली, यूपीएसने मान टाकली आणि मशीन पुन्हा उठलं, की आलेखावर मोठे उणे काटे उमटतात, आणि कोणीतरी रात्री दोनला अलर्ट मिटवत बसतो. नवं वाचन आधीच्यापेक्षा लहान आलं तर तो फरक टाकून द्या आणि तिथून नव्याने मोजा. एजंटमध्ये ही तपासणी नसेल तर पावसाळ्याआधी घाला.