स्पर्धा परीक्षेची तयारी करताना मन कसे सांभाळावे

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या मनावरील ताणाची चर्चा बहुतेक वेळा अभ्यासक्रमाच्या विस्तारापुरती होते. अभ्यास कठीण आहेच. पण मनाला त्याहून अधिक पोखरते ती अनिश्चितता. १४ मार्च २०२१ रोजी होणारी पूर्व परीक्षा अवघे तीन दिवस उरले असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा विद्यार्थी शास्त्री रस्त्यावर उतरले आणि अखेर ती परीक्षा २१ मार्चला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा तर आंदोलनानंतर लांबून १ डिसेंबरला झाली. अशा वेळी मेसचे पैसे, खोलीचे भाडे, घरच्यांना दिलेला शब्द आणि उजळणीचे वेळापत्रक हे सारे एकदम कोलमडते. तारीख आपल्या हातात नाही हे एकदा मान्य केले, की जे हातात आहे त्याची नीट आखणी करता येते.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे स्वतःची कालमर्यादा. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंतची वयोमर्यादा आहे. म्हणजे नियम तुम्हाला फार लवकर थांबवणार नाही. ‘अजून एक प्रयत्न’ असे म्हणत तिशी उलटते आणि त्या प्रत्येक वर्षागणिक माघारी फिरणे अधिक अपमानाचे वाटू लागते. म्हणून तयारीच्या सुरुवातीलाच, मन शांत असताना, किती वर्षे आणि किती पैसे द्यायचे हे कागदावर लिहावे, तो कागद घरच्यांना दाखवावा आणि त्यांच्याशी त्यावर बोलून घ्यावे. त्याच कागदावर दुसरा मार्गही लिहावा: बी.एड., बँकेची परीक्षा, पदवीच्या विषयातली नोकरी, घरची शेती किंवा व्यवसाय, जे खरोखर शक्य आहे ते. दुसरा मार्ग ठेवला की जिद्द कमी होते, असे अनेक मार्गदर्शक सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. नापास झालो तर आयुष्यच संपले, असे मानणाऱ्याचा हात परीक्षागृहात थरथरतो. आपल्याला पायाखाली जमीन आहे हे ज्याला ठाऊक असते तो पेपर अधिक निर्भयपणे सोडवतो.

दिवसाच्या आखणीत झोपेला पहिला हक्क द्यावा. चोवीस तास उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवणारा मुलगा जास्त कष्टाळू दिसतो, पण दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झोपेतच होते. सात तास झोप आणि रोज एकाच वेळी उठणे, एवढे जरी पाळले तरी चिडचिड आणि विसरभोळेपणा कमी होतो. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात राहत असल्याने संध्याकाळनंतरचा कप टाळावा. रोज अर्धा तास झपाझप चालावे. रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणून अनेकजण त्या दिवशी बिस्किटांवर भागवून पुन्हा खुर्चीत जाऊन बसतात. त्याऐवजी तीच संध्याकाळ मित्रांसोबत नीट जेवण्यासाठी राखून ठेवावी आणि त्या वेळी कट-ऑफचा विषय काढायचा नाही, असे आधीच ठरवून घ्यावे.

पेपर झाल्यानंतरची रात्र ही फार नाजूक वेळ असते. टेलिग्रामवर निरनिराळ्या क्लासेसच्या उत्तरतालिका येऊ लागतात. एका तालिकेत गुण वाढतात, दुसरीत कमी होतात आणि मुले मध्यरात्रीपर्यंत त्याच शंभर प्रश्नांची पुन्हा पुन्हा बेरीज करत बसतात. त्या रात्री गुण मोजू नयेत. आयोगाची पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध झाल्यावर एकदा मोजावे, हरकत घ्यायची असल्यास मुदतीत घ्यावी आणि अंदाज बांधणाऱ्या समूहांच्या सूचनांचा आवाज बंद करून टाकावा. एरवीही परीक्षेसंबंधीच्या बातम्यांसाठी दिवसातली एकच वेळ ठरवून ठेवावी.

विचारांवर काम करण्याची एक साधी रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत सापडते, आणि कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ती मराठी वाचकांना परिचित आहे. घडलेली घटना आणि मनाला झालेला त्रास यांच्या मध्ये आपला एक विचार उभा असतो. तो शोधून तपासायचा. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. समजा, पहिल्यात लिहिले, ‘पूर्व परीक्षा दोन गुणांनी हुकली’. तिसऱ्यात लिहिले, ‘चार दिवस खोलीबाहेर पडलो नाही, जेवण गेले नाही’. आता मधला रकाना भरताना स्वतःशी प्रामाणिक राहावे. तिथे बहुधा ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ असे काहीतरी निघते. मग या वाक्याला पुरावा मागावा. दोन गुण कमी पडल्याने त्या वर्षीची तयारी कुठे अपुरी होती एवढेच कळते. संपूर्ण माणसाची किंमत त्यातून ठरत नाही. दुःख होईलच आणि ते व्हायलाही हवे. मात्र दुःखात माणूस चार दिवसांनी पुन्हा वही उघडतो, तर स्वतःला निकामी ठरवल्यावर त्याला उठण्याचे कारणच सापडत नाही.

घरच्या फोनचा ताण वेगळा असतो. ‘निकाल कधी आहे रे?’ या प्रश्नात आईवडिलांची काळजी असते, पण ऐकणाऱ्याला तो तगादा वाटतो आणि मग फोन न उचलण्याची सवय लागते. त्यापेक्षा एकदा स्पष्ट सांगावे: ‘आण्णा, निकाल लागला की सगळ्यात आधी तुम्हालाच कळवीन. तोवर रविवारी फोन करत जाईन, तेव्हा घरचं, शेतीचं बोलू.’ धाकट्या भावंडाच्या लग्नाला जाण्याचे टाळू नये. नातेवाइकांच्या प्रश्नांसाठी ‘तयारी चालू आहे’ एवढे एकच वाक्य पुरते. मित्रांकडून उसने घेतलेले पैसे घरी लपवले असतील, तर ते घरातल्या एका तरी व्यक्तीला सांगावे, कारण लपवलेले कर्ज रकमेपेक्षा फार मोठे होऊन बसते.

निकालाच्या दिवशी कोणाजवळ असायचे हे आधीच ठरवावे आणि यादी एकट्याने उघडू नये. तयारी सोडायची की पुढे चालू ठेवायची, हा निर्णय त्या आठवड्यात घेऊ नये. खोलीतला मित्र ‘आता बस झालं, मी सगळ्यांवर ओझं आहे’ असे बोलू लागला, अचानक आपल्या वस्तू वाटू लागला किंवा निरोप घेतल्यासारखा वागू लागला, तर त्याला थेट विचारावे: ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये, उपदेश करू नये, घरच्यांना कळवावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. धोका समोर दिसत असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; तिथे मराठीतून, विनामूल्य आणि रात्री-अपरात्रीही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर लावलेला असायला हवा, असे मला फार मनापासून वाटते.

संकटाची वेळ येईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीत रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, पुस्तक उघडताच छातीत धडधडत असेल, तर मदत घ्यावी. समुपदेशक आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि ते गरजेनुसार औषधही देतात. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि जिल्हा रुग्णालयांतूनही ही सेवा माफक खर्चात मिळते. गावात कळेल, या भीतीने अनेकजण जात नाहीत. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. पहिल्या भेटीला जाताना झोप, भूक आणि मनःस्थितीबद्दल आठवडाभराची टिपणे सोबत न्यावीत. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून परीक्षेच्या तोंडावर स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. डॉक्टरांना परीक्षेची तारीख आधीच सांगावी, म्हणजे गोळीमुळे सुस्ती येत असल्यास तिची वेळ किंवा मात्रा ते पुरेशा आधी बदलून देऊ शकतात.