फॉस्टर मुलांच्या कलाशिक्षणाला हातभार कसा लावावा

व्हिक्टोरिया रॉवेल यांना अमेरिकी प्रेक्षक ओळखतात ते 'द यंग अँड द रेस्टलेस'मधील ड्रुसिला आणि 'डायग्नोसिस मर्डर'मधील डॉ. अमांडा बेंटली या भूमिकांमुळे. १९५९ मध्ये मेन राज्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीचे बालपण मात्र फॉस्टर व्यवस्थेत, म्हणजे सरकारने जबाबदारी घेतलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेले. अ‍ॅगाथा आर्मस्टेड या पालक मातेने त्यांची नृत्याची ओढ जोपासली आणि आठव्या वर्षी त्यांना फोर्ड फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिज स्कूल ऑफ बॅलेमध्ये प्रवेश मिळाला. पुढे १९९० मध्ये, ड्रुसिलाची भूमिका स्वीकारली त्याच वर्षी, त्यांनी फॉस्टर मुलांच्या कलाशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणारी संस्था स्थापन केली.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना, विशेषतः नृत्य, तबला किंवा नाटकाचे वर्ग चालवणाऱ्यांना, हे काम लहान प्रमाणावर करता येते. वर्गातील एक जागा विनाशुल्क राखून ठेवावी आणि आपल्या काउंटीच्या बालकल्याण कार्यालयाला किंवा परवानाधारक फॉस्टर संस्थेला तसे लेखी कळवावे. परिचितांमार्फत थेट मुलापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करू नये. शुल्क माफ केले म्हणजे काम झाले असे समजणे ही यातील सर्वांत मोठी गफलत होय, कारण मुलाला वर्गाला कोण आणणार, पोशाख आणि वाद्य कोठून येणार, हे प्रश्न तसेच राहतात आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. त्यांची सोय आधी ठरवावी. मुलांबरोबर काम करण्यापूर्वी पार्श्वभूमीची तपासणी मागितली जाते. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही.

परवानगीसाठी प्रत्येक वेळी न्यायालयाकडे पाहावे लागत नाही. २०१४ च्या संघराज्य कायद्यानुसार अशा उपक्रमांत मुलाने भाग घ्यावा की नाही, याचा निर्णय सुजाण पालकाप्रमाणे विचार करून फॉस्टर पालक स्वतः घेऊ शकतात. छायाचित्रांबाबत मात्र काटेकोर राहावे: मंडळाच्या कार्यक्रमातील फोटो समाजमाध्यमांवर टाकून मुलाची ओळख किंवा त्याची कहाणी उघड करू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

मुलाचे घर मध्येच बदलले, तर जागा लगेच दुसऱ्याला देऊ नये. नव्या घरापासून वर्ग दूर पडत असेल, तर तेथील शिक्षकाशी बोलून शिक्षण पुढे चालू राहील असे पाहावे. शिकवण्याऐवजी मुलाच्या बाजूने न्यायालयात बोलण्याची इच्छा असेल, तर १९७७ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये सुरू झालेल्या 'कासा' उपक्रमाचे प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक होता येते.

अठराव्या वर्षाच्या सुमारास मदतीची गरज कमी होत नाही, उलट वाढते. पात्र युवकांना उच्चशिक्षणासाठी संघराज्याच्या योजनेतून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत साहाय्य मिळू शकते, परंतु अर्ज भरताना शेजारी बसणारे कोणी नसते. त्या वेळी आवर्जून सांगावे की वयाच्या १३ व्या वर्षानंतर केव्हाही फॉस्टर व्यवस्थेत असलेला विद्यार्थी शैक्षणिक साहाय्याच्या 'फाफ्सा' अर्जात स्वतंत्र गणला जातो आणि त्याला आईवडिलांच्या उत्पन्नाची माहिती द्यावी लागत नाही.