मुंबई ते चिपी: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

मुंबईहून मालवण रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर आहे, त्यामुळे विमानही साधारण तेवढेच अंतर कापत असेल, असा अनेकांचा समज असतो. विमानाला खाड्यांना वळसा घालावा लागत नाही आणि घाटाची वळणेही घ्यावी लागत नाहीत. म्हणून कोकणात हवाई अंतर रस्त्यापेक्षा बरेच कमी भरते.

ते काढण्यासाठी प्रथम दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. मोबाईलमधील नकाशावर त्या जागी बोट दाबून धरले की ते दिसतात. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व येथे आहे, तर सिंधुदुर्गातील, मालवणजवळील चिपी विमानतळ १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व येथे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ३.०९ अंशांच्या फरकाचे ३४३ किलोमीटर झाले. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवांकडे आखूड होत जातो. कोकणपट्टीत तो सुमारे १०६ किलोमीटर धरावा. ०.६६ अंशाचे त्या हिशेबाने ७० किलोमीटर होतात. आता शाळेत शिकलेला पायथागोरस कामी येतो: दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ३५० किलोमीटर हे उत्तर मिळते. मुंबई-लंडनसारख्या लांबच्या प्रवासाला ही रीत लावू नये, कारण तेथे पृथ्वीची गोलाई हिशेब बिघडवते. अशा वेळी नकाशातील अंतर मोजण्याची सोय वापरावी.

पुढची पायरी वेळेची. छोट्या मार्गांवरील एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते, मोठी जेट विमाने ८०० ते ८५०. अंतराला वेगाने भागून त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवावा. एटीआरने चिपीला ४२ मिनिटे अधिक ३० मिनिटे, म्हणजे सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतो. मुंबईच्या आकाशात गर्दी असली की विमानाला घिरट्या घालाव्या लागतात, म्हणून वेळापत्रकातील वेळ थोडा जास्तच असतो.

आखाताकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तिकिटावर निघण्याची व पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे; सकाळी दहाला निघून पावणेबाराला पोहोचणारे विमान प्रत्यक्षात सव्वातीन तास उडते. परतताना हाच दीड तास वजा करावा.

शेवटी घर ते घर असा वेळ मांडावा, कारण खरा निर्णय त्यावरच होतो. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोहोचणे, त्याआधी उपनगरातून विमानतळ गाठणे, सामानाची वाट पाहणे आणि चिपीहून गावापर्यंतची गाडी हे सारे मिळवले की सव्वा तासाचे सहज पाच-सहा तास होतात. तरीही ते रात्रभराच्या बसपेक्षा कमीच आहेत. मात्र कोकण रेल्वेचे स्थानक घराजवळ असेल तर फरक फारसा उरत नाही. सावंतवाडी किंवा बांद्याकडे जाणाऱ्यांनी हाच हिशेब गोव्यातील मोपा विमानतळासाठीही करून पाहावा, आणि चिपीच्या फेऱ्या बदलत असल्याने आपल्या तारखेला विमान आहे की नाही हे रजा टाकण्यापूर्वीच तपासावे.