फोटो ब्लर येतोय? कॅमेऱ्याला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

जुने डिजिटल कॅमेरे हल्ली पुन्हा कपाटांतून बाहेर पडलेत. पोरंपोरी हौसेने गळ्यात अडकवून फिरतात, छान वाटतं. पण आठवडाभरात तक्रार ठरलेली: "काका, फोटो ब्लर येतात, कॅमेरा गेलाय का?" बहुतेक वेळा कॅमेरा धडधाकट असतो.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोटो काढायचं बटण एका दमात खाडकन दाबल्यामुळे. हे बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस आणि उजेड ठरवतो, चौकट हिरवी होते, बारीकशी पिप वाजते. मग उरलेलं दाबायचं. फोनची सवय लागलेल्यांना तेवढाही धीर नसतो.

ठाण्यात पाडव्याला कौपीनेश्वर मंदिराकडून स्वागतयात्रा निघते. आमच्या शेजारचा एक मुलगा तिथे दोघी बहिणींचे फोटो काढत होता. नऊवारी, नथ, फेटे, सगळा थाट. पठ्ठ्याने झूम ताणला, दोघींच्या मधोमध नेम धरला आणि खाडकन बटण दाबलं. घरी टीव्हीवर लावून बघतो तर मागच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर लख्ख वाचता येतोय आणि बहिणींचे चेहरे लोणी फासल्यासारखे. कॅमेऱ्याची चूक काय? मध्यावर जे होतं, ते त्याने टिपलं. दोघींमधल्या एकीच्या डोळ्यांवर चौकट आणायची, अर्धं बटण दाबून तसंच धरायचं, मग हवी तशी फ्रेम करून क्लिक. "चेहरा ओळखतो की तो आपोआप" असं मला कुणी सांगू नये. मान वळली किंवा गॉगल आला की तो बऱ्याचदा गोंधळतो. आणि स्वागतयात्रा काय, पुन्हा पुढच्या वर्षी.

दुसरी डोकेदुखी उजेडाची. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडीत फ्लेमिंगो असतात. ऐरोलीहून बोट जाते, नेरूळ-सीवूड्सकडे तर पाणथळीच्या काठावरूनही दिसतात. फोटोत मात्र नुसते पांढरे ठिपके! कारण साधं आहे. समोर जे असेल ते मध्यम करड्या उजेडाचं असणार, असं कॅमेरा धरून चालतो. फ्रेमभर काळपट चिखल असला की तो सगळंच उजळवतो आणि फिकट पक्षी पांढरेफटक पडतात. उलट, मागे चकाकणारं पाणी असलं की पक्षी काळे. अधिक-उणे खुणेचं बटण त्यासाठीच दिलंय. चिखल असेल तर मी उणे ०.७ वर जातो, पाणी चमकत असेल तर अधिक ०.७ वर. शंका असेल तेव्हा उणेच. काळोखा फोटो थोडाफार सुधारता येतो, फटक झालेल्या पंखांचा तपशील परत येत नाही. "धडाधड पन्नास काढू, एखादा येईलच" म्हणणाऱ्यांचे पन्नासही फटक येतात.

डिजिटल झूम मेनूत जाऊन कायमचा बंद करा. तो झूम नव्हेच, फोटो कापून मोठा करणं आहे.

हात लांब करून फोटो काढू नका, कोपरं बरगड्यांना टेकवा. झूम ३०० मिमीच्या आसपास असेल तर शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) निदान १/३०० सेकंद, म्हणजे तेवढा किंवा त्याहून कमी. डुलत्या बोटीतून मी १/५०० पेक्षा संथ शटर ठेवत नाही. स्टॅबिलायझर आपला हात सांभाळतो, उडता पक्षी नाही.

संध्याकाळी तलावपाळीवर फ्लॅश मारणारे बघितले की हसू येतं. तो उजेड पोचतो जेमतेम तीन-चार मीटर, मासुंदा तलाव काय उजळणार! फ्लॅश बंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, कॅमेरा कठड्यावर, दोन सेकंदांचा टायमर. झालं काम. माणसं फोटोत हवी असतील तर आयएसओ ४०० ते ८०० करा आणि फोटोत थोडे दाणे, म्हणजे खरखरीतपणा, सहन करा.

पावसाळ्यात एसी गाडीतून येऊरला उतरलात की लेन्सच्या काचेवर वाफ धरणार. पुसत बसू नका, पुन्हा धरेल. वीसेक मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या, तोवर चहा घ्या.