विमानाला नावं ठेवण्याआधी टाकी बघा: कॉम्बॅट फ्लाइट सिममध्ये या चुका टाळा

रविवारी रात्री जेवणं उरकली की आम्ही तिघं कॉम्बॅट फ्लाइट सिमवर, म्हणजे कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायच्या खेळावर, ऑनलाइन येतो. निपाणीहून माझा आतेभाऊ, खानापुरातून एक मित्र आणि बेळगावच्या वडगावातून मी. लढत 1944 सालची, एकास एक. आतेभावाचं मस्टँग (अमेरिकन लढाऊ विमान) दुसऱ्याच वळणाला गिरक्या खात खाली यायचं आणि हेडफोनमध्ये त्याचा आवाज, "मॉडेलच चुकीचं हाय गा हे! खरं मस्टँग असलं नव्हतंच."

"तेल किती भरलायस?"

"फुल. कशाला कमी भरू?"

पहिली चूक हीच. पी-51डीच्या, म्हणजे याच मस्टँगच्या, पंखांत 92-92 अमेरिकन गॅलनच्या दोन टाक्या, आणि तिसरी 85 गॅलनची पायलटच्या पाठीमागे. ती भरलेली असताना विमानाचं वजन मागे झुकतं आणि स्टिक जोरात ओढली की ते हातात राहत नाही. खरे पायलटही म्हणूनच मागची टाकी आधी रिकामी करत. सिममध्ये तेल 68 टक्क्यांच्या खाली ठेवा, म्हणजे फक्त पंखांतल्या टाक्यांत मावेल तेवढंच. काही सिममध्ये कुठल्या टाकीत किती हे वेगळं ठरवता येतं, तेही तपासा.

पुढच्या रविवारी दोघांनी 'समान' म्हणून अर्धं-अर्धं भरलं. खानापूरकराचं जर्मन मेसरश्मिट 109 होतं. त्याची टाकी 400 लिटरची, मस्टँगचं एकूण तेल हजार लिटरच्या आसपास. म्हणजे एकाच्या पोटात 200 लिटर, दुसऱ्याच्या 500. फरक दोन क्विंटलांहून जास्त! ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि रिकामा ट्रॅक्टर तवंदी घाटात सोडून इंजिनांची तुलना करण्यातला हा प्रकार. टक्के बघू नका, लिटर बघा. त्याहून बरं म्हणजे मिनिटं: वीस मिनिटांच्या लढतीला लागेल तेवढं आणि थोडं वर. खऱ्या युद्धात मस्टँगला इंग्लंडला परत जायचं असे, 109 घरावरच लढत असे, हा भाग वेगळा. तो खेळायचा असेल तर तसं आधीच ठरवून घ्या.

पुस्तकातला टॉप स्पीड घेऊन भांडणारे फार. आमच्याकडे शर्यतीच्या बैलाबद्दल बोलताना कुणी नुसतं 'वेगवान' म्हणत नाही, रान कसलं होतं तेही विचारतात. विमानाचं रान म्हणजे उंची. 23 जून 1942 ला एक जर्मन पायलट चुकून वेल्समधल्या पेम्ब्रीच्या धावपट्टीवर उतरला आणि इंग्रजांना धड अवस्थेतलं फोके-वुल्फ 190 आयतं मिळालं. आपल्या स्पिटफायर मार्क 5 या लढाऊ विमानाशी त्यांनी तुलना करून बघितली तर वेग, चढाई, सूर (खाली झेपावणं), कूस बदलणं, सगळ्यात जर्मन विमान सरस. स्पिटफायरच्या हाती उरलं फक्त आखूड वळण. तेव्हा मार्क 5 घेऊन 190 चा सरळ पाठलाग करत असाल आणि तो निसटत असेल, तर सिम बरोबर चाललंय.

यातच आणखी एक. काटा दाखवतो तो खरा वेग नसतो. 6 किलोमीटर उंचीवर काट्यावर ताशी 400 किलोमीटर दिसले तर विमान प्रत्यक्षात 545 च्या आसपास जात असतं, कारण वर हवा विरळ. काट्यावरचा आकडा तक्त्याशी लावून 'दीडशेनं कमी पळतंय' म्हणणारा दर महिन्याला एक तरी भेटतो. तपासायचंच असेल तर हवामान स्टँडर्ड, म्हणजे समुद्रसपाटीला 15 अंश ठेवा, विमान समतळ करा आणि वेग वाढायचा थांबेपर्यंत दम धरा. 'समुद्रसपाटी'चा आकडा डोंगरातल्या धावपट्टीवर मोजू नका. आपलं बेळगावचं सांबरा विमानतळसुद्धा 2,500 फुटांच्या घरात आहे.

1940 च्या स्पिटफायरमध्ये नाक झटक्यानं खाली दाबलं की इंजिन खोकतं. हा बग नाही. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या कार्ब्युरेटरला फ्लोट (पातळी राखणारा तरंगता गोळा) आहे, नाक दाबलं की त्याचं गणित बिघडतं. चोर्ला घाटात जुनी बाईक आडवी पडून बंद पडते, त्याच घराण्यातलं दुखणं. 109 ला फ्युएल इंजेक्शन होतं म्हणून तो सरळ सूर मारून सुटायचा. 1941 मध्ये बिॲट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी भोक असलेली एक चकती बसवून त्रास बराच आटोक्यात आणला. तोवरचा उपाय एकच: आधी विमान उलटं करा, मग स्टिक ओढा.

आणि जॉयस्टिक उघडू नका! सुरात स्टिक ओढूनही 109 नाक उचलेना म्हणून खानापूरकरानं स्क्रू काढले. स्प्रिंग उडून कॉटखाली गेली, तासभर टॉर्च घेऊन शोधत होता. मोठ्या वेगात 109 चा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) दगडासारखा जड व्हायचा. आपल्या स्टिकला तो जोर कळत नाही, म्हणून सिम हालचालच कमी करतं. सुरात जायच्या आधी थ्रॉटल कमी करा, ट्रिम (स्टिकवरचा जोर हलका करणारी कळ) हाताशी ठेवा.

गेल्या रविवारी दोघांनी लिटर मोजून तेल भरलं. आतेभाऊ सहा मिनिटं टिकला. सातव्या मिनिटाला खानापूरची लाईट गेली, आणि ती लढत त्यानं स्वतःच्या नावावर लिहून घेतली.