विद्यापीठांची यादी खालून वर बांधा: अर्ज करताना या चुका टाळा

परदेशात अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थिनीची विद्यापीठांची यादी परवा माझ्यासमोर होती. बारा नावं, प्रत्येकासमोर रँक, फी, अर्जाची शेवटची तारीख, सगळं वेगवेगळ्या रंगांत नीट मांडलेलं. पहिल्या तीन नावांबद्दल ती वीस मिनिटं भरभरून बोलली. कुठली प्रयोगशाळा, कुठले प्राध्यापक, दुसऱ्या वर्षाला कुठले विषय, तिला सगळं पाठ होतं. मग मी बाराव्या नावावर बोट ठेवलं.

"हे का घेतलंस?"

"तिथे मिळेलच, मॅडम."

"समजा, फक्त तिथेच मिळालं. जाशील?"

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "नाही जाणार बहुतेक."

म्हणजे यादी अकराचीच होती, आणि त्या अकरांपैकी नऊ ठिकाणी दहात एकालाही प्रवेश मिळत नाही.

अशा याद्या मी वर्षानुवर्षं बघत आलेय. फसलेल्या यादीत चूक वरच्या नावांत क्वचितच सापडते, कारण वरची नावं सगळेच मन लावून निवडतात. खालची नावं मात्र शेवटच्या आठवड्यात, दमल्यावर, मित्राच्या यादीतून उचललेली असतात. निकाल लागल्यावर हातात बरेचदा त्यांतलंच एखादं नाव उरतं. म्हणून माझा आग्रह असतो की यादी खालून वर बांधा.

नको असलेल्या जागेला 'सेफ' म्हणणं

अ‍ॅम्बिशियस, मॉडरेट आणि सेफ असे तीन गट सगळेच करतात. पण 'सेफ' म्हणजे 'खालच्या रँकचं' एवढंच धरलं जातं. माझ्या लेखी सेफ ठरायला तीन गोष्टी एकाच जागी जुळाव्या लागतात. तिथे एरवी प्रवेश मिळवणाऱ्या मुलांपेक्षा तुमचे गुण स्पष्टपणे वर हवेत. शिष्यवृत्तीचा एक पैसा मिळाला नाही तरी खर्च घराला झेपायला हवा. आणि तिथे जावं लागलं तर तुम्ही मनापासून जायला हवं. एक जरी अट गळली तरी ते नाव सेफ नाही. सर्वांत जास्त विसरली जाते ती दुसरी अट. प्रवेश हमखास, पण फी भरता येणार नाही, अशा प्रवेशपत्राचा उपयोग काय?

दुसरा गैरसमज असा, की अवघड ठिकाणी दहा अर्ज टाकले तर एखादं तरी लागेलच. सोडतीत हे चालेल, कारण तिथे प्रत्येक तिकीट वेगळं असतं. इथे दहाही ठिकाणी तेच गुण, तोच मुख्य निबंध आणि तीच शिफारसपत्रं जातात. अर्जात एखादी उणीव असेल तर ती दहाही जणांना दिसते. जिथे शंभरातले पाच-सातच घेतात, ती जागा कितीही हुशार मुलासाठी सेफ तर नाहीच, मॉडरेटही नाही.

यावर उपाय सोपा आहे. खालची दोन नावं पहिल्याच आठवड्यात शोधा, डोकं ताजं असताना. त्यांच्या अभ्यासक्रमाची पानं उघडा आणि तुम्हाला खरोखर घ्यावेसे वाटतील असे चार विषय कागदावर लिहा. चार सापडले नाहीत तर नाव काढून दुसरं घ्या. त्या दोन नावांवर समाधान वाटलं की वरची नावं भरताना हात थरथरत नाहीत.

रँक कशाची, हे न बघता रँक वाचणं

क्रमवारी वाईट नसते, पण ती काय मोजते ते माहीत हवं. क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या विद्यापीठांच्या सध्याच्या जागतिक यादीत ३० टक्के वजन प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाला आहे आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाला. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण लोकांना काय वाटतं यावर, सर्वेक्षणातून मिळतात. २००३ पासून निघणाऱ्या शांघायच्या जागतिक यादीत ३० टक्के वजन नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना आहे. त्यातले १० टक्के माजी विद्यार्थ्यांच्या पदकांचे आणि २० टक्के तिथे काम करणाऱ्यांच्या. संशोधनाची ताकद जोखायला हे ठीक आहे. पण पहिल्या वर्षाचा गणिताचा तास कोण घेणार, वर्गात तीस मुलं असणार की तीनशे, इंटर्नशिप लावून देणारं कुणी आहे का, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही.

शिवाय आकडे बऱ्याचदा विद्यापीठंच पुरवतात. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचेच गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी आपल्या विद्यापीठाने 'यूएस न्यूज' या क्रमवारी काढणाऱ्या अमेरिकी प्रकाशनाला दिलेल्या आकड्यांवर जाहीर आक्षेप घेतले. त्या वेळी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षीच्या पुढच्या यादीत ते अठराव्या क्रमांकावर आलं. त्या काही महिन्यांत तिथल्या वर्गांत काय बदललं असेल? म्हणून वीस-तीस क्रमांकांच्या फरकावरून दोन विद्यापीठांत निवड करू नका. एकूण रँकपेक्षा विषयाची रँक बघा, आणि तीही गाळणी म्हणूनच वापरा.

नावाला किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा २००२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सारख्याच कुवतीच्या ज्या मुलांना वरच्या कॉलेजांत प्रवेश मिळाला होता, त्यांतली काही तिथे गेली, काही कमी नावाजलेल्या ठिकाणी गेली. पुढच्या कमाईत त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र वरच्या कॉलेजाचा फायदा झाला. हा अभ्यास अमेरिकेतला आहे, पण त्यातला प्रश्न कुठेही विचारता येतो: हे नाव मला असं काय देणार आहे, जे माझ्याकडे आज नाही? ज्याच्या घरी, ओळखीत कुणीच त्या क्षेत्रात नाही, त्याला नावाजलेल्या ठिकाणच्या ओळखी खूप काही देतात. गुंतवणूक बँका, मोठ्या सल्लागार कंपन्या ठरावीक विद्यापीठांतच भरतीला जातात, तिथेही नाव चालतं. उलट नर्सिंग, वैद्यक, वास्तुरचना अशा परवान्याच्या व्यवसायांत पहिला प्रश्न वेगळाच असतो: तुम्ही जिथे काम करणार, तिथली परिषद ही पदवी मान्य करते का? हे अर्जाआधी तपासलं नाही तर रँक कितीही वरची असो, पुढे अडचण ठरलेली.

फी बघणं, एकूण खर्च न बघणं

सर्वांत जास्त रडणं मी या चुकीपायी पाहिलंय. यादीत एका रकान्यात वर्षाची फी असते आणि तुलना तेवढ्यावरच होते.

एक हिशेब करून बघू. एका विद्यापीठाची वर्षाची फी १०० धरा, राहण्याखाण्याचा खर्च ५०, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. दुसऱ्याची फी १३०, महागडं शहर म्हणून राहण्याखाण्याचे ७०, पण अभ्यासक्रम एका वर्षाचा. फीचा रकाना पाहिला तर पहिलं स्वस्त. एकूण बेरीज केली तर पहिलं ३०० आणि दुसरं २००. वर दुसऱ्या ठिकाणचा विद्यार्थी एक वर्ष आधी कमवायला लागतो. आता उलट बाजू. दोन वर्षांत मधली एक इंटर्नशिप मिळते, एका वर्षात ती बहुधा बसत नाही. ती संधी तुमच्या दृष्टीने किती मोलाची, हे तुम्हीच ठरवायचं. पण तो विचार ३०० आणि २०० समोर ठेवून व्हायला हवा. पदवीचंही तसंच: इंग्लंडात बहुतेक पदव्या तीन वर्षांच्या, स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत चार वर्षांच्या.

छापील फी आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यांतही बरंच अंतर असू शकतं. अमेरिकेतल्या कॉलेजांना २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर मदत वजा जाता किती भरावं लागेल याचा अंदाज देणारा 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' ठेवावा लागतो. तो तिथल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बाहेरून येणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की विचारावी: मी आर्थिक मदत मागितली तर त्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो का? हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्याच संस्था परदेशी विद्यार्थ्यांची ऐपत न बघता निवड करतात. बहुतेक ठिकाणी ती बघितली जाते, म्हणजे जे ठिकाण गुणांनुसार मॉडरेट वाटतं ते मदत मागताच अवघड होतं.

'तिकडे शिक्षण मोफत आहे' हे वाक्य ऐकलं की कुठल्या वर्षीचं आहे ते विचारा. नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. जर्मनीत बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून ती घेतं, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून. जिथे फी नाही तिथेही व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते. शिष्यवृत्ती असेल तर ती किती वर्षांची आणि टिकवायला किती गुण लागतात, हे पत्रात शोधा. पहिल्या वर्षीच संपणारी शिष्यवृत्ती मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिली आहे. कुणी ते पत्र शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं.

शहराचं नाव वाचणं, पत्ता न वाचणं

मायामी युनिव्हर्सिटी फ्लोरिडात नाही, ओहायो राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या गावात आहे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिअ‍ॅटलला आहे, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी सेंट लुईसला, आणि अमेरिकेची राजधानी या दोन्हींपासून लांब. यॉर्क युनिव्हर्सिटी टोरांटोत, युनिव्हर्सिटी ऑफ यॉर्क इंग्लंडात. एकाच विद्यापीठाच्या अनेक कॅम्पसपैकी तुमचा अभ्यासक्रम कुठे चालतो, तेही बघा. नकाशावर विभागाच्या इमारतीवर बोट ठेवता येईपर्यंत 'जागा बघितली' असं म्हणू नका.

मग त्या जागेतला साधा दिवस डोळ्यांसमोर आणा. माहितीपुस्तकातले फोटो उन्हातले असतात. एडिनबराला डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. काहींना त्याचं काही वाटत नाही, काही जण जानेवारीपर्यंत पार खचून जातात. तुम्ही कोणत्या प्रकारचे, हे तुम्हालाच माहीत. बस रात्री किती वाजेपर्यंत असते, पहिल्या वर्षी वसतिगृह नक्की मिळतं का, तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या तासाभराच्या अंतरावर आहेत का, हे तीन प्रश्न विचारले तरी बरंच कळतं. शिक्षणानंतर तिथे काम करायचा विचार असेल तर आजचा नियम बघा. ब्रिटनमध्ये पदवीनंतर मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळेल, असं तिथल्या सरकारने जाहीर केलंय. पीएचडीधारकांना मात्र तीन वर्षंच.

अर्जाचे नियम शेवटी वाचणं

यादीची लांबी पुष्कळदा नियमच ठरवतात. ब्रिटनमध्ये यूकास या अर्जांच्या सामायिक व्यवस्थेतून पदवीसाठी पाचच पर्याय देता येतात. वैद्यकासाठी त्यांतले चारच. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजपैकी साधारणपणे एका वर्षी एकच. पाचही ठिकाणी तुमचं स्वतःबद्दलचं एकच निवेदन (पर्सनल स्टेटमेंट) जातं, म्हणून एका जागी इतिहास आणि दुसरीकडे संगणकशास्त्र असं केलं तर दोन्ही अर्ज कच्चे दिसतात. अमेरिकेत अनेक कॉलेजांना एकाच संकेतस्थळावरून अर्ज करायच्या कॉमन अ‍ॅपवर वीसपर्यंत कॉलेजं घालता येतात, पण मुख्य निबंध एकच असला तरी बऱ्याच कॉलेजांचे जादा निबंध वेगळे असतात. आठच्या पुढे गेलं की निबंधांची गुणवत्ता ढासळलेली मला दिसते. 'अर्ली डिसिजन' हा एका कॉलेजला लवकर अर्ज करून बांधून घेणारा पर्याय आहे. मिळाला तर जावं लागतं, इतर ठिकाणच्या मदतीशी तुलना करायची संधी राहत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर त्या वाटेला फार विचार करूनच जा.

यादी आधीच बिघडली असेल तर

अर्ज गेले आणि आता लक्षात आलं की सेफ जागाच नाही, तर लगेच शोधायला लागा. बऱ्याच विद्यापीठांत जागा भरेपर्यंत प्रवेश चालू असतात. यूकासमध्ये पाचही नकार आल्यास आधी 'एक्स्ट्रा' (आणखी एकेका ठिकाणी अर्ज) आणि मग जुलैपासून 'क्लिअरिंग' (उरलेल्या जागांवरचे प्रवेश) असतं.

प्रवेश मिळाला पण पैसे कमी पडतायत, तर विद्यापीठाच्या आर्थिक मदत विभागाला नम्रपणे लिहा. घरची परिस्थिती बदलली असेल तर कागद जोडा, दुसऱ्या ठिकाणी जास्त मदत मिळाली असेल तर ते पत्रही जोडा. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, तेही विचारा, आणि शिष्यवृत्ती त्यासोबत पुढे सरकते का, हे लेखी घ्या.

दोन जागांमध्ये मन अडकलं असेल तर दोन्हीकडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना लिहा. 'विद्यापीठ कसं आहे?' असं विचारलं तर 'छान आहे' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस? अडलं तेव्हा कुणाकडे गेलास, आणि त्या व्यक्तीने वेळ दिला का? पहिल्या वर्षी ज्या खर्चाचा अंदाज नव्हता, असा सर्वांत मोठा खर्च कुठला निघाला?